आगगाडीतली थरारकादंबरी लिहायची आहे? आधी गार्डाचं जर्नल लिहा

माझ्या पहिल्या, १९४३ सालात घडणाऱ्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात नायक इंजिनामागच्या डब्यातून पळत सुटायचा, सात डबे ओलांडून गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे शेवटच्या डब्यात, पोचायचा आणि तिथं त्याला प्रेत दिसायचं. हस्तलिखित मी आण्णांना, म्हणजे वडिलांना वाचायला दिलं. आण्णा दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या काळात मिरजेला मीटर गेजच्या, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांच्या, इंजिनावर क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी तिसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा डब्यातनं डब्यात गेला कुठनं?"

मी स्वतः ३४ वर्षं गार्ड होतो. मिरज-लोंढा मीटर गेजवर कोळशाच्या इंजिनामागं कितीतरी रात्री काढल्या आहेत. तरी लिहायला बसल्यावर डोळ्यांपुढं आजची गाडी आली, इंजिनापासून शेवटापर्यंत आतून चालत जाता येणारी. १९४३ सालच्या डब्यांना तशी वाट नव्हती. प्रत्येक डबा म्हणजे चाकांवरची वेगळी खोली. दार उघडायचं ते बाहेर, फलाटाकडं किंवा अंधाराकडं. एकदा गाडी सुटली की पुढचं स्टेशन येईपर्यंत ज्या डब्यात आहात तिथंच तुम्ही.

आण्णांच्या त्या एका प्रश्नानं कादंबरी मोडली आणि त्याच प्रश्नामुळं ती परत नीट उभी राहिली. मधून वाट नाही म्हटल्यावर खुनी माणसाला खाली उतरणं भाग पडलं. मग तो कुठल्या स्टेशनात उतरला, गाडी किती मिनिटं उभी होती, फलाटाच्या बाजूनं उतरला की पलीकडच्या बाजूनं, पाणी भरायला गेलेल्या फायरमननं त्याला पाहिलं का, हे प्रश्न आपोआप उभे राहिले. थरार म्हणतात तो या प्रश्नांतच होता. तेव्हापासून गाडीवरची कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: अडथळे मनानं रचू नका. रेल्वेच्या नियमांत आणि यंत्रात ते आधीच रचलेले आहेत. ते शिका, कथानक तिथूनच निघेल.

लाईन, तारीख, गाडी

"ब्रिटिश काळातली एक रात्र, एक मेल गाडी" एवढ्या भांडवलावर ऐतिहासिक कादंबरी उभी राहत नाही. एक लाईन घ्या, एक तारीख घ्या. मी पुणे-मिरज लाईन घेतली, कारण ती माझ्या अंगात आहे. तेव्हा ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज होती, एकेरी. मुंबईहून पुण्यापर्यंत जी.आय.पी.ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, रुंद रुळांची ब्रॉड गेज. म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला पुण्यात सगळं सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागायचं. तुमच्या पात्राच्या ट्रंकेत पिस्तूल असेल तर ती ट्रंक पुण्याच्या फलाटावर एका हमालाच्या डोक्यावरून जाणार आहे. हमालाला वजनावरून पुष्कळ कळतं. पुण्यातला हा बदल विसरलात तर एक फुकट मिळालेलं प्रकरण गेलं म्हणून समजा.

तारीख ठरली की लगेच पंचांग बघा. माझी रात्र २ जुलै १९४३, शुक्रवार, अमावस्या. चांदणं नाही, वर पावसाळा. ही तारीख मी मुद्दाम घेतली, कारण मला हातातल्या बत्तीशिवाय दुसरा उजेड नको होता. एका नवोदित लेखकाच्या गोष्टीत अमावस्येला नदीचं पात्र चांदण्यात चमकताना मी वाचलं आहे. वाचक ते सोडून देईल असं वाटतं, पण गावाकडचा वाचक सोडत नाही.

तारखेबरोबर साल काय काय घेऊन येतं तेही तपासा. १९४३ मध्ये सांगली जिल्हा नव्हता. सातारा जिल्हाच पार खालपर्यंत होता आणि त्याच्या मध्ये मध्ये संस्थानं: औंध, सांगली, मिरज, फलटण. कुंडल औंधात, कऱ्हाड इंग्रजी मुलखात. गाडी दोनचार तासांत या हद्दीतून त्या हद्दीत आतबाहेर करायची, आणि बऱ्याच संस्थानांत रुळांची पट्टी तेवढी इंग्रजांच्या अखत्यारीत दिलेली असायची. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. डब्यात बसलेला माणूस एका राज्यात, आणि दार उघडून कुंपणापलीकडं उडी मारली की दुसऱ्या राज्यात. पाठलागावर असलेला इंग्रजी फौजदार त्या कुंपणाशी काय करेल? माझी तीन प्रकरणं या एका प्रश्नावर चालली.

लढाईचा काळ असेल तर गाड्या कमी आणि गर्दी फार, हे धरूनच चाला. इंजिनं, वाघिणी, अगदी रूळसुद्धा उचलून मध्यपूर्वेत पाठवले गेले होते आणि त्यात मीटर गेजचा वाटा मोठा होता. "डब्यात आम्ही दोघंच होतो" हे वाक्य १९४३ च्या थर्ड क्लासात लिहूच नका. दोघंच हवेत तर त्यांना फर्स्टात बसवा, आणि मग त्यांच्याकडं तेवढे पैसे कुठून आले तेही सांगा.

साखळी, होजपाइप आणि टोकन

इथं मी जरा थांबणार आहे, कारण नव्वद टक्के लेखक इथंच घसरतात.

साखळी ओढली की गाडी जागच्या जागी उभी राहते, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचा. इंजिनावरचा इजेक्टर सगळ्या डब्यांखालून गेलेल्या पाइपातली हवा ओढून घेतो, आणि पाइपात वीसेक इंच व्हॅक्यूम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. साखळी ओढली की एक झडप उघडते, पाइपात हवा शिरते, इंजिनावरच्या व्हॅक्यूम मोजणाऱ्या घड्याळाची सुई खाली यायला लागते. आण्णा सांगायचे, सुई नुसती थरथरली तरी फायरमनचं फावडं हातातच थांबायचं. गाडी जड होते, ओढल्यासारखी चालते, मग ड्रायव्हर वाफेचा रेग्युलेटर बंद करतो आणि गाडी थांबते. मधला हा वेळ तुमचा आहे. डब्याच्या टोकाला एक छोटी चकती असते, साखळी ओढली की ती फिरते. गार्ड खाली उतरतो, बत्ती वर धरून एकेक डब्याची चकती बघत पुढं जातो. ज्या डब्याची फिरलेली, तिथं साखळी ओढली. आणि साखळीजवळच्या पाटीवर काय लिहिलेलं असायचं? विनाकारण ओढल्यास ५० रुपये दंड. त्या काळात थर्ड क्लासच्या माणसासाठी ही रक्कम म्हणजे डोंगर. साखळीकडं हात नेताना तुमच्या पात्राच्या मनात हा आकडा आला पाहिजे.

आता डबा मध्येच सोडवण्याचा प्रसंग. चालत्या गाडीत कोणी डबे जोडणारं कप्लिंग काढतो आणि मागचे डबे मागं राहून पुढची गाडी निघून जाते, असं दृश्य फार जणांना लिहावंसं वाटतं. व्हॅक्यूमच्या गाडीत दोन डब्यांमधला होजपाइप तुटला की दोन्ही बाजूंना हवा शिरते, दोन्ही भागांचे ब्रेक लागतात आणि दोन्ही उभे राहतात. मग डबा चोरायचाच असेल तर? गाडी उभी असताना कप्लिंग सोडवावं लागेल, आणि पुढच्या भागातल्या शेवटच्या डब्याचा होजपाइप त्याच्या डमीवर, म्हणजे तोंड बंद करणाऱ्या लोखंडी बुचावर, नीट बसवावा लागेल. तो बसला नाही तर इंजिनात कितीही वाफ असू दे, व्हॅक्यूम तयार होत नाही आणि गाडी हलत नाही. हे मी हातानं केलेलं काम आहे. पावसात त्या पाइपाचं रबर निसरडं होतं, डमीची कडा बोटाला कापते, आणि बसला की फुसफुस एकदम बंद होते. ती फुसफुस बंद होण्याचा क्षण लिहा. अंधारात पलीकडं उभा असलेला माणूस त्यावरून ओळखेल की काम झालं.

एवढ्यानंही भागत नाही. शेवटच्या डब्यामागं लाल टेललॅम्प असतो. गाडी स्टेशनातून गेली की मास्तर आणि पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस, आधी तो लाल दिवा बघतात. दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली. दिसला नाही म्हणजे काहीतरी मागं राहिलंय. तुमच्या खलनायकाला हे ठाऊक असेल तर तो टेललॅम्प काढून पुढच्या भागातल्या शेवटच्या डब्याला लावेल. आणि ठाऊक असण्याचा अर्थ तो रेल्वेतला माणूस आहे. वाचकाला एवढा धागा पुरतो. "तो माहीतगार असावा" असं कुणाच्या तोंडी घालायची गरज राहत नाही.

एकेरी लाईनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून टोकन, म्हणजे पुढं जायचा परवाना, असतं. मी काम केलं तिथं नील नावाच्या टोकनयंत्रातला गोळा होता, लोखंडी, मुठीत मावणारा. दोन स्टेशनांच्या मास्तरांनी आपापल्या यंत्रावर एकमेकांना दुजोरा दिल्याशिवाय तो बाहेर पडत नाही, आणि एक बाहेर असताना दुसरा निघत नाही. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणारी गाडी असेल तर पॉइंट्समन कडं वर धरून उभा राहतो आणि फायरमन चालत्या इंजिनातून दंड पुढं करून ते अडकवून घेतो. आण्णांच्या उजव्या दंडावर कायमचा काळा वळ होता. लहानपणी मी विचारायचो तेव्हा ते म्हणायचे, "मास्तरानं दिलेली राखी हाय."

तो गोळा हातात नसेल तर ड्रायव्हरनं गाडी पुढं न्यायची नाही. म्हणून गोळा चोरणारा एक पोरगा अख्खी लाईन बंद पाडू शकतो. त्याला ना बंदूक लागते, ना बॉम्ब. तारायंत्राच्या तारा तोडल्या तरी तसंच. दोन स्टेशनं एकमेकांशी बोलू शकली नाहीत की लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याची खात्री, मिळत नाही. १९४२ च्या चळवळीत ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या त्यामागं हेही कारण होतं. थरारकादंबरीत तारेचं आणखी एक महत्त्व आहे: इंजिनापेक्षा वेगवान असं तेव्हा तेवढंच होतं. तुमचा फरारी गाडीत बसून पुढं पळतोय, आणि त्याचं वर्णन खांबांवरून कट्टकट्ट करत त्याच्याही पुढं पोचतंय. खिडकीतून ते खांब त्याला दिसत राहतील. दाखवा ते.

आता ब्रेकव्हॅन. गाडी मध्येच अडली तर गार्डाला मागून येणाऱ्या गाडीपासून आपली गाडी राखावी लागते. तो हातबत्ती आणि फटाके घेऊन रुळांवरून मागं चालत जातो. आमच्या वेळी मीटर गेजला ४०० मीटरवर एक आणि ८०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावायचे, इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडधड आवाज होऊन ड्रायव्हर सावध होतो. जुन्या काळासाठी हे अंतर यार्डात घ्या. पावसात, खडीवरून, एकटा माणूस अर्धा मैल मागं चालतोय. आणि त्याच वेळी त्याची ब्रेकव्हॅन रिकामी आहे. तिथं लोखंडी कॅशसेफ आहे. वाटेतल्या स्टेशनांनी आपापल्या कमाईच्या चामडी पिशव्या त्याच्या तोंडातून आत टाकल्या आहेत, आणि त्याची किल्ली गार्डाकडं नाही. नियम सांगतो मागं जा, मन सांगतं पेटीपाशी थांब. मी कादंबरीतल्या गार्डाला तिथं अडीच पानं उभं केलं आहे. मला ती पानं लिहायला काहीच कष्ट पडले नाहीत, कारण लोंढ्याच्या अलीकडच्या जंगलात मी स्वतः तसा उभा राहिलो आहे.

घड्याळ कुठलं?

१ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानातलं घड्याळ एक तास पुढं केलेलं होतं. लढाईची वेळ. जुलैत कऱ्हाडला आज सव्वासातच्या आत सूर्य मावळतो, तेव्हाच्या रेल्वेच्या घड्याळात त्या क्षणी आठ वाजून गेलेले असत. "सात वाजले, काळोख पडला" असं १९४३ च्या जुलैत लिहिलंत की चुकलात. शेतकरी मात्र सूर्यावरच चालायचा. मास्तर सांगतो गाडी आठला, गावचा म्हातारा दिवस मावळायला येतो, आणि दोघांचं जुळतं की चुकतं यावर एक माणूस वाचतो किंवा सापडतो.

आणखी मागं गेलात तर गंमत वाढते. १९०५-०६ च्या आधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबई स्वतःच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. सगळ्या देशाला एक वेळ आल्यानंतरही मुंबईनं आपली वेळ लगेच सोडली नाही. ती ३९ मिनिटं मागं होती आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात ती चालली. त्या काळातल्या मुंबईकराचा "मी तेव्हा घरी होतो" हा पुरावा ३९ मिनिटांनी कसा सरकतो, ते तुम्हीच बघा.

वेग मोजायची एक युक्ती आण्णांची. जुन्या रुळांना थोड्या थोड्या अंतरावर सांधे असत, चाक सांध्यावरून गेलं की खटका वाजतो. रूळ ३६ फुटांचा धरला तर साधारण २४-२५ सेकंदांत जितके खटके, तितके मैल ताशी वेग. पोत्याखाली लपलेला, डोळे बांधलेला माणूससुद्धा यावरून गाडीचा वेग सांगू शकतो, आणि खटक्यांचा सूर बदलला की पूल आला हेही. माझ्या कादंबरीत हे एक आंधळा पेटीवाला करतो.

माणसं, पाणी, बोली

डब्यांचे चार वर्ग: फर्स्ट, सेकंड, इंटर, थर्ड. बायकांचा जनाना डबा वेगळा, आणि तिथं पुरुष पोलीस सहजासहजी चढत नसे. भूमिगत चळवळीत निरोप आणि हत्यारं नेणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग कसा झाला असेल याचा विचार करा. स्टेशनवर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. वेश पालटलेला माणूस तहानेनं चुकीच्या बादलीपुढं उभा राहिला तर त्याचं सोंग उघडं पडू शकतं. हे लिहिताना मला त्रास झाला, पण होतं ते होतं म्हणून लिहावं.

हिशेब आण्यापैचा: १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. अंतर मैलात. कंदील म्हटलं की नुसता कंदील लिहू नका. कऱ्हाडचं स्टेशन ओगलेवाडीला आहे आणि ओगल्यांच्या कारखान्यातला प्रभाकर कंदील घरोघर होता. त्या स्टेशनात चढणाऱ्या कामगाराच्या हातात तोच असणार.

बोलीबद्दल एवढंच. मास्तर पुण्याचा असेल तर तो "गाडी लेट आहे" म्हणेल, गेटमन "गाडी ल्येट हाय" म्हणेल आणि टांगेवाला "अजून ठेसनातच उभी हाय की" म्हणेल. सगळ्यांना एकाच मराठीत बोलायला लावलंत तर अंधारात कोण बोलतंय ते वाचकाला कळणार नाही, आणि थरारकादंबरीत निम्मं बोलणं अंधारातच होतं.

खरी माणसं आली की

माझी तारीख २ जुलै. तिच्या २५ दिवस आधी, ७ जून १९४३ ला, सोमवारी, त्याच लाईनवर शेणोलीला खरी घटना घडली. तुफान सेनेच्या, म्हणजे साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, तरुणांनी पगाराचे सरकारी पैसे नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, हे त्यात पुढं होते. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली, आणि ती मागं हटू नये म्हणून मागच्या डब्यापाठीही दगड रचले. रेल्वेतला माणूस म्हणून मला त्या मागच्या दगडांचं फार वाटतं. पुढची वाट अडवणं कुणालाही सुचतं. मागची वाट बंद करणं म्हणजे इंजिन उलटंही चालतं याचा आधीच विचार केलेला. मृग निघायचे ते दिवस, शिवारात माणसं पेरणीच्या गडबडीत, त्यातून ही पोरं उठून रुळांवर आली होती.

मला ही घटना कादंबरीत घ्यायचा मोह खूप झाला. घेतली नाही. त्या माणसांची घरं, नातवंडं आज कुंडल परिसरात आहेत. त्यांनी जे केलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे. त्यात माझे कल्पित संवाद घुसडायचा मला हक्क नाही. मी २५ दिवसांनंतरची, पूर्ण कल्पित गाडी घेतली. तिच्यातल्या प्रत्येक माणसाच्या मनात शेणोली ताजी आहे, एवढंच. गार्ड प्रत्येक वळणावर पुढं दगड दिसतात का बघतो, रखवालीचा शिपाई मागं बघतो. इतिहास कादंबरीत असा आला की पुरे होतो.

आणि शब्द जपून वापरा. कॅप्टन भाऊंना "लूट" हा शब्द मान्य नव्हता. इंग्रजांनी आमच्या लोकांचं नेलेलं आम्ही परत आणलं, असं ते सांगत. म्हणून माझ्या कादंबरीत फौजदार "दरोडा" म्हणतो, मास्तर दबक्या आवाजात "शेणोलीचं प्रकरण" म्हणतो आणि डब्यातली म्हातारी "पोरांनी खजिना आणला" म्हणते. एकाच गोष्टीला तीन नावं. कोण कुणाच्या बाजूचा ते यातूनच कळतं. निवेदकानं कुठला शब्द वापरायचा हे मात्र तुम्हाला ठरवावं लागेल, आणि ते ठरवल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका.

जर्नल

कामावर असताना गार्ड प्रत्येक स्टेशनची नोंद ठेवतो: गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का. त्याला आम्ही रफ जर्नल म्हणायचो. कादंबरीचा पहिला मसुदा म्हणून मी तेच लिहायला सांगतो. साधी वही घ्या, रकाने आखा. त्या काळचं छापील वेळापत्रक जुन्या ग्रंथालयात, जुन्या ब्रॅडशॉमध्ये, म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकांच्या पुस्तकात, शोधा. मिळालं तर सोनं. नाही मिळालं तर अंतर आणि वेग घेऊन स्वतः मांडा आणि गाडी कल्पित ठेवा. मग प्रत्येक स्टेशनपुढं कुठलं पात्र कुठल्या डब्यात आहे ते लिहा. पाणी कुठं भरलं, इंजिन कुठं बदललं, टोकन कुणी दिलं. या वहीत खून बसत नसेल तर तो कादंबरीतही बसणार नाही. माझ्या वहीत खुनी एकदा कऱ्हाड आणि ताकारी या दोन्ही ठिकाणी एकाच मिनिटाला होता. गोष्ट लिहून झाल्यावर हे सापडलं असतं तर दोनशे पानं गेली असती.

जर्नलमध्ये भावना नसतात. "उशीर: गुरं रुळांवर." "उशीर: फलाटावर गर्दी." गार्ड घाबरला होता का, त्याला काय दिसलं, हे तिथं येत नाही. त्या कोरड्या ओळी आणि खरी घटना यांच्यामधल्या जागेत तुमची प्रकरणं बसतात. मी माझ्या वहीतली पाच ओळींची नोंद इथं देतो. गाडी, वेळा, माणसं सगळी कल्पित. या पाच ओळींची कादंबरीत ८६ पानं झाली.

कऱ्हाड. आगमन १०.१२, सुटली १०.२७. उशीर ७ मिनिटं: इंजिनाला पाणी. मागून तिसऱ्या डब्याच्या पलीकडच्या बाजूचं दार उघडं आढळलं, बंद केलं.

शेणोली. आगमन १०.४६, सुटली १०.४९. मास्तरनी गाडी दोनदा मोजली.

शेणोलीच्या पुढं मध्येच थांबली ११.०३. व्हॅक्यूम गेलं. चकती मागून तिसऱ्या डब्याची. डब्यात कोणी कबूल नाही.

गाडी राखण्यासाठी मागं गेलो ११.०९. परत आलो ११.३८.

सुटली ११.४१. टेललॅम्प जागेवर, पेटता. तो मी विझलेला पाहून मागं गेलो होतो.